जबड्याच्या हाडाचा हिशेब लागलाच पाहिजे

तोंडाच्या कर्करोगाचे ऑपरेशन ठरले की रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना पहिल्यांदा विचारतात ते जबड्याबद्दल. ‘जबडा काढावा लागेल का?’ यावर बरेचदा ‘उघडल्यावर बघू’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर पुरेसे नाही. खालच्या जबड्याच्या हाडावर केली जाणारी ऑपरेशने तीन प्रकारची आहेत आणि तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत. आत दडलेल्या गाठीपर्यंत पोचण्यासाठी हाड चिरायचे आणि काम झाल्यावर पुन्हा जोडायचे, ही मँडिब्युलोटॉमी. गाठ हाडाला टेकली असेल तर हाडाची वरची कड काढायची आणि खालची कमान अखंड ठेवायची, हे मार्जिनल रिसेक्शन. गाठ हाडाच्या आत शिरली असेल तर आरपार तुकडा काढायचा, हे सेगमेंटल रिसेक्शन. पहिल्यात रुग्ण हाड गमावत नाही, दुसऱ्यात थोडे गमावतो, तिसऱ्यात जबड्याची कमान तुटते आणि चावणे, गिळणे, बोलणे, लाळ आवरणे या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. संमतिपत्रावर या तिन्हींसाठी ‘जबड्याची शस्त्रक्रिया’ एवढाच मजकूर असेल, तर रुग्णाने नेमकी कशाला संमती दिली?

जाणाऱ्या हाडाचे कारण ऑपरेशनच्या आधी लिहिलेले असावे आणि त्याच्या जागी काय बसवणार हेही त्याच कागदावर असावे, अशी माझी मागणी आहे. ते कारण रोगाचे असले पाहिजे. सर्जनची सोय, जुनी सवय किंवा पैसे देणाऱ्या योजनेची मर्यादा हे हाड काढण्याचे कारण होऊ शकत नाही.

जुन्या काळी हाड काढण्यामागे एक सिद्धांत होता. जिभेतून आणि तोंडाच्या तळातून मानेकडे जाणाऱ्या लसीकावाहिन्या (ज्यांतून कर्करोग पसरतो त्या लिम्फच्या नळ्या) जबड्याच्या अस्थिआवरणातून, म्हणजे हाडावरच्या पातळ पडद्यातून जातात, असे सर्जन मानत. त्यामुळे मूळ गाठ, जबडा आणि मानेतल्या गाठी एकसंध काढण्याची पद्धत पडली. ‘कमांडो’ नावाचे ऑपरेशन ते हेच. १९६४ मध्ये आणि पुन्हा १९७१ मध्ये मार्केटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थिआवरणाची तपासणी केली, तेव्हा हा समज टिकला नाही. गाठ आणि हाड यांच्यामध्ये निरोगी ऊती असतील तर अस्थिआवरणात रोग सापडत नाही. कर्करोग हाडात शिरतो तो बहुधा जिथे टेकतो तिथूनच. दात पडून गेलेल्या जबड्यात वरच्या कडेवरचे कठीण आवरण सलग राहिलेले नसते, त्यामुळे तिथली वाट आणखी मोकळी असते. म्हणजे जिभेवरची गाठ जबड्यापासून दूर असेल तर ‘सुरक्षेसाठी’ हाड काढण्याला आधार उरलेला नाही. मानेतल्या ग्रंथी काढायच्या की नाही, हा स्वतंत्र निर्णय आहे आणि त्यासाठी जबड्याचा बळी द्यावा लागत नाही.

मग जिभेच्या मागच्या भागातल्या किंवा टॉन्सिलजवळच्या मोठ्या गाठीपर्यंत पोचायचे कसे? हाड चिरून पोचण्याची कल्पना फार जुनी आहे. फ्रेंच सर्जन रू यांनी १८३६ मध्ये ओठ आणि जबडा मधोमध चिरून ही वाट उघडली. तेव्हापासून वाद चालू आहे तो हाड नेमके कुठे चिरायचे यावर. खालचा जबडा तीन ठिकाणी चिरता येतो: दाढांच्या बाजूला, हनुवटीच्या मधोमध, किंवा मध्यरेषेच्या जरा बाजूला म्हणजे सुळा आणि त्याच्या शेजारचा पटाशीचा दात यांच्यामध्ये.

दाढांच्या बाजूचा छेद आज टाळला पाहिजे. तिथे हाडाच्या आतून जाणारी नस तुटते आणि खालचा ओठ कायमचा बधिर होतो. नसेबरोबरची रक्तवाहिनीही तुटते, त्यामुळे पुढच्या तुकड्याचा आतून होणारा रक्तपुरवठा कमी होतो. दोन्ही तुकड्यांवर स्नायूंची ओढ असमान असते, म्हणून जोड हलत राहतो. शिवाय हीच जागा पुढे रेडिएशनच्या पट्ट्यात येते. मधोमधच्या छेदाची अडचण वेगळी. समोरच्या दोन दातांची मुळे इतकी जवळ असतात की बरेचदा एक दात काढावा लागतो. जीभ पुढे धरणारे आणि गिळताना कंठास्थी (गळ्यातले छोटे हाड) वर-पुढे ओढणारे स्नायू हाडाला जिथे जोडलेले असतात, नेमकी तीच जागा फाटते. सुळ्याच्या पुढचा छेद या दोन्ही अडचणींतून सुटतो. तिथे दातांची मुळे एकमेकांपासून दूर फाकलेली असतात. ओठाला संवेदना देणाऱ्या नसेचे छिद्र मागे, उपदाढांच्या खाली असते. ते मधले स्नायू शाबूत राहतात आणि तळातला फक्त एक पातळ स्नायू कापावा लागतो. दुसऱ्या जागेचा आग्रह धरणाऱ्याने त्याचे कारण सांगावे.

या छेदात घाई कुठे नडते ते पाहण्यासारखे आहे. प्लेट आधी, करवत नंतर, हा पहिला नियम. हाड अजून अखंड असतानाच हाड जोडणाऱ्या दोन छोट्या धातूच्या प्लेट हाडाच्या वळणावर तंतोतंत वाकवून बसवायच्या. एक बाहेरच्या पृष्ठभागावर आणि एक खालच्या कडेला, म्हणजे दोन्ही एकमेकींना साधारण काटकोनात येतात. स्क्रूंची भोके पाडून घ्यायची, मग प्लेट काढून ठेवायच्या आणि त्यानंतर छेद घ्यायचा. ही पायरी गाळून शेवटी अंदाजाने प्लेट बसवली तर वरचे आणि खालचे दात जुळत नाहीत. दातांच्या बैठकीतला एक मिलिमीटरचा फरकही प्रत्येक घासाला जाणवतो. भोके मुळांच्या खालून गेली पाहिजेत, नाहीतर निरोगी दात मरतो. करवतीचे पाते जितके पातळ, तितके हाड कमी भरडते. पाते चालू असताना थंड सलाइनची धार सतत हवी, कारण साधारण ४७ अंश सेल्सियसपेक्षा जास्त उष्णता मिनिटभर लागली तरी हाडातल्या पेशी मरू लागतात आणि तो जोड पुढे भरून येत नाही. दातांमधला वरचा भाग करवतीने न कापता पातळ छिन्नीने हलकेच सोडवायचा. अस्थिआवरण छेदाच्या दोन्ही बाजूंना साधारण सेंटिमीटरभरच उचलायचे, कारण करवतीनंतर हाडाला मोठा आधार त्याच्याच रक्ताचा असतो.

नंतर जिभेच्या कडेने तळाची श्लेष्मल त्वचा, म्हणजे तोंडातली ओलसर त्वचा, मागे टॉन्सिलच्या खांबापर्यंत चिरली की बिजागरीवर दार फिरावे तसा जबड्याचा अर्धा भाग बाहेर वळतो. इथे एक चूक वारंवार होते. हिरडीच्या बाजूला टाका घेण्यापुरती, म्हणजे सेंटिमीटरभर, पट्टी शिल्लक ठेवली जात नाही. मग शेवटी सुई घालायला ऊतीच उरत नाहीत, टाके ताणले जातात आणि पाच-सात दिवसांनी लाळ झिरपू लागते. ती लाळ थेट हाडाच्या जोडावर जाते, संसर्ग होतो, स्क्रू सैल होतात. ‘प्लेट निकामी झाली’ असे म्हटले जाते तेव्हा मूळ दोष बरेचदा प्लेटचा नसतो, तो या टाक्यांचा असतो.

ओठाचा छेद कापायला सोपा आणि जोडायला अवघड असतो. ओठाचा लाल भाग आणि त्वचा यांच्यामधली रेषा चिरण्याआधी बारीक खुणेने नोंदवून ठेवायची आणि शिवताना तोच बिंदू पहिल्यांदा जुळवायचा. आतली त्वचा, स्नायू आणि बाहेरची त्वचा असे तीन थर वेगवेगळे शिवायचे. स्नायूचा थर सुटला तर ओठात खाच पडते आणि कपाने पाणी पिताना ते ओघळते. ओठ न चिरता मानेतून पूर्ण कातडी वर उचलण्याची पद्धतही आहे. तीत चेहऱ्यावर व्रण येत नाही, पण पुरेशी जागा मिळवण्यासाठी दोन्ही बाजूंच्या हनुवटीच्या नसा कापाव्या लागल्या तर सगळा खालचा ओठ बधिर होतो. व्रण परवडेल की बधिरता, हे रुग्णाला आधी विचारायला हवे.

जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागातल्या बहुतेक गाठींसाठी, तोंड नीट उघडत असेल तर, हाड चिरण्याची गरजच पडत नाही. तोंडातून काम होते, किंवा जिभेचा तो भाग जबड्याखालून मानेत ओढून घेऊन काढता येतो. जिभेच्या मुळाशी आणि टॉन्सिलजवळ असलेल्या निवडक लहान गाठींसाठी रोबोटची वाटही आहे; अमेरिकेत तिला २००९ मध्ये मान्यता मिळाली. पण याचा अर्थ हाड वाचवण्यासाठी गाठीची कड सोडावी असा मुळीच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीभोवती निदान पाच मिलिमीटर निरोगी ऊती दिसायला हव्यात. काढलेला तुकडा आक्रसतो, म्हणून कापताना एक ते दीड सेंटिमीटर अंतर ठेवावे लागते. सुपारी-तंबाखूमुळे तोंड दोन बोटेही उघडत नसलेल्या रुग्णाच्या मागच्या गाठीवर तोंडातूनच काम करण्याचा हट्ट धरला, तर दिसेल तेवढेच काढले जाते. हाड चिरण्यापेक्षा ती चूक कितीतरी महाग पडते. चिरलेले हाड काही आठवड्यांत जुळते. राहिलेली गाठ परत आली तर दुसऱ्यांदा बरे होण्याची शक्यता खूप कमी असते.

गाठ हाडाला टेकलेली असते तेव्हा खरी कसोटी लागते. मार्जिनल की सेगमेंटल, हे ठरवायला सर्जनची बोटे, सीटी आणि एमआरआय तिन्ही लागतात. दातांच्या दवाखान्यात काढतात तो पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, एकटा पुरत नाही. हाडातले साधारण एक-तृतीयांश खनिज गेल्याशिवाय त्यात काही दिसत नाही. हनुवटीच्या भागावर मानेच्या मणक्यांची सावली पडते, त्यामुळे तिथे तो आणखी फसवा ठरतो. हाडाचे कठीण आवरण खरवडले गेले आहे का, ते सीटी चांगले दाखवते. हाडाच्या आतल्या मगजात (बोन मॅरोमध्ये) रोग पोचला आहे का, ते एमआरआय दाखवते. पण नुकताच दात काढलेला असेल किंवा हिरडीत पू असेल तर एमआरआय रोग आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकते आणि विनाकारण मोठा तुकडा काढला जाऊ शकतो.

म्हणून दंतवैद्यांना एक कळकळीची विनंती. जखमेशेजारी हलणारा दात दिसला, विशेषतः बरी न होणारी जखम किंवा वाढलेले मांस असेल, तर आधी बायोप्सी आणि सीटी करून घ्या, दात नंतर काढा. दात हलतो तो हिरडीच्या आजाराने हलत असेल, किंवा खालचे हाड कर्करोगाने खाल्ल्यामुळे हलत असेल. दुसऱ्या परिस्थितीत दात काढला की मोकळ्या झालेल्या खोबणीतून कर्करोगाला थेट मगजात उतरता येते. मग कड काढून भागले असते तिथे आरपार तुकडा काढावा लागतो. खालच्या ओठाला किंवा हनुवटीला आपोआप आलेला बधिरपणा ही दुसरी खूण आहे, आणि ती दिसली की हाडातल्या नसेपर्यंत रोग पोचल्याची शक्यता धरूनच पुढे जावे.

कड काढायची ठरली तर खाली निदान एक सेंटिमीटर उंचीचे हाड शिल्लक राहायला हवे. त्यापेक्षा कमी उरले तर काही महिन्यांनी घास चावतानाही जबडा मोडू शकतो. छेदाचे कोपरे काटकोनात नकोत, गोलाईत हवेत, कारण काटकोनाच्या टोकाशी ताण साचतो आणि तडा तिथूनच जातो. दात पडून हाड झिजलेल्या वृद्धाच्या जबड्यात मुळात दीड सेंटिमीटरही उंची नसते. तिथे मार्जिनलचा हट्ट धरला तर आज वाचवलेले हाड उद्या मोडते. पूर्वी रेडिएशन घेतलेल्या जबड्यातही हाड वाचवण्याचा मोह आवरावा लागतो. रोग मगजात किंवा नसेच्या नळीत पोचला असेल तर आरपार तुकडाच काढावा लागतो, आणि दिसणाऱ्या रोगाच्या पलीकडे दोन्ही टोकांना साधारण एक सेंटिमीटर निरोगी हाड घ्यावे लागते. कठीण हाडाचा अहवाल लगेच मिळत नाही, कारण आधी त्यातले चुनखनिज विरघळवावे लागते आणि त्याला काही दिवस जातात. म्हणून कापलेल्या टोकाचा मगज खरवडून आणि नसेचे टोक घेऊन ऑपरेशन चालू असतानाच तपासून घेणे, ही ऐच्छिक बाब मानू नये.

तुकडा काढल्यावर उरलेल्या पोकळीचे काय करायचे, यावर माझे मत ठाम आहे. हनुवटीचा भाग गेला असेल तर तिथे जिवंत हाड बसवणे हा कर्करोगाच्या उपचाराचाच भाग आहे. त्याला सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणणे हा रुग्णावर उघड अन्याय आहे. हनुवटीशिवाय जिभेला पुढून आधार राहत नाही, ती मागे पडते आणि श्वासनलिकेतली नळी काढता येत नाही. ओठ आत वळतो, लाळ सतत गळते, घास पुढे धरता येत नाही. नुसती धातूची प्लेट वळवून तिथे बसवली तर ती महिन्या-वर्षात कातडीतून बाहेर डोकावण्याची शक्यता मोठी असते, आणि मधल्या काळात रेडिएशन झालेले असेल तर ती जखम भरता भरत नाही.

जिवंत हाड म्हणजे सध्या बहुधा पायाच्या पोटरीतले बारीक हाड, फिब्युला. १९८९ मध्ये हिडाल्गो यांनी त्याने जबडा घडवण्याची पद्धत मांडली. त्याला धमनी, शीर आणि कातडीचा तुकडा जोडलेला ठेवूनच ते काढतात आणि मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. वीस सेंटिमीटरपेक्षा जास्त लांबीचे हाड मिळते. घोटा आणि गुडघा स्थिर राहावेत म्हणून दोन्ही टोकांना साधारण सहा-सहा सेंटिमीटर हाड ठेवतात. कमान जुळवण्यासाठी त्याचे तुकडे करावे लागतात, पण प्रत्येक तुकडा दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान झाला तर त्याचे रक्त तुटण्याचा धोका असतो. पायाच्या तिन्ही धमन्या आधी तपासायलाच हव्यात. काही जणांत पावलाचे रक्त मुख्यतः फिब्युलाबरोबर काढल्या जाणाऱ्या धमनीवरच चालते, आणि ती काढून घेतली तर पाऊलच धोक्यात येते. पहिले दोन दिवस फ्लॅपचा, म्हणजे बसवलेल्या जिवंत तुकड्याचा, रंग, उष्णता आणि रक्ताचा ठोका साधारण दर तासाला पाहावा लागतो. शीर तुंबली की फ्लॅप जांभळा पडतो. लगेच थिएटरमध्ये परत नेले तर तो वाचू शकतो, सकाळच्या राउंडची वाट पाहिली तर बहुधा जातो. रात्रपाळीच्या नर्सला हे ओळखायला शिकवलेले नसेल, तर आदल्या दिवशीची दहा तासांची मेहनत वाया जाते.

प्रत्येकाला फिब्युला बसवावीच, असे मी म्हणत नाही. बाजूचा तुकडा गेलेला, हृदय कमकुवत, पायाच्या धमन्या बंद, अशा रुग्णाला छातीच्या स्नायूचा फ्लॅप लावून लवकर घरी पाठवणे हाच शहाणपणा असू शकतो. जबडा थोडा कापलेल्या बाजूला सरकेल आणि चावणे उरलेल्या बाजूने होईल. पण हा निर्णय रुग्णाच्या प्रकृतीवरून व्हावा आणि त्याला समजावून व्हावा. आमच्याकडे सूक्ष्मशस्त्रक्रिया होत नाही, एवढ्या कारणाने तो होत असेल तर रुग्णाला ती होते तिथे पाठवले पाहिजे.

मोठ्या पुनर्रचनेत वेळ जातो, गुंतागुंत होते आणि रेडिएशन लांबते, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवे. लाळेची गळती किंवा मेलेला फ्लॅप यामुळे ही मुदत हुकली तर रोग परतण्याचा धोका वाढतो. म्हणूनच रेडिएशनचे डॉक्टर आणि दंतवैद्य ऑपरेशनच्या आधी एकत्र बसायला हवेत. किडलेले, न वाचणारे दात रेडिएशनच्या किमान दोन आठवडे आधी निघायला हवेत. साठ ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशन मोजण्याचे एकक) आसपास मात्रा मिळालेल्या जबड्यातून नंतर दात काढला तर ती खोबण न भरण्याचा धोका असतो; तसे झाले तर हाड उघडे पडते, मरते आणि मग कर्करोग बरा झालेल्या माणसाला त्या मेलेल्या हाडासाठी पुन्हा जबडा गमवावा लागू शकतो. हे दात कर्करोगाच्याच ऑपरेशनमध्ये, त्याच भुलीखाली काढता येतात. तरीही ते राहून जातात, कारण ते कोणाच्याच यादीत नसतात.

तोंड उघडण्याच्या व्यायामाचेही असेच होते. समोरच्या दातांमधले अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी झाले की घास घेणे, दात घासणे आणि पुढे तपासणीसाठी आत पाहणे, सगळेच कठीण होते. टाके भरले की व्यायाम सुरू करायला हवा आणि रेडिएशन संपल्यावरही महिनोन्‌महिने चालू ठेवायला हवा, कारण ऊती त्यानंतरही आखडत जातात. हे शिकवणारा माणूस कर्करोगाच्या वॉर्डात पगारावर असायला हवा.

सार्वजनिक पैशाने किंवा विम्याने होणाऱ्या उपचारांत आरपार तुकडा काढण्याचा दर आणि हाड बसवण्याचा दर वेगळा नसेल, तर रुग्णालयाला हाड बसवण्याचे कारणच उरत नाही. दर वेगळा असून पुनर्रचनेची मंजुरी नंतर वेगळी मागावी लागत असेल, तर रुग्ण दोन मंजुऱ्यांच्या मधल्या काळात हनुवटीशिवाय राहतो, आणि तोवर मानेत रेडिएशनचे व्रण दाटून वाहिन्या शिवणे अवघड होते. पैसे देणाऱ्याने एक साधा नियम करावा. हनुवटीचा भाग आरपार काढण्याच्या कोणत्याही अर्जासोबत हाड कशाने आणि कोण बसवणार हे लिहिलेले असावे, किंवा ते का बसवणार नाही याचे वैद्यकीय कारण असावे. दोन्ही नसेल तर अर्ज त्याच दिवशी फोन करून पूर्ण करून घ्यावा आणि ऑपरेशनची तारीख लांबवू नये. आणि त्याच रुग्णालयाकडून दर वर्षी मागवावे: किती जबडे चिरले, त्यांतले किती जुळले नाहीत, किती जणांची लाळ गळली, किती फ्लॅप गेले, किती जणांचे रेडिएशन वेळेत सुरू झाले, आणि वर्षभरानंतर किती जण नाकातल्या नळीशिवाय जेवत आहेत.